ध्वनिमत

वाचनालयात सात पेपर यायचे, तेव्हापासूनची ही वही.
पुठ्ठ्यावर शाईनं: ना. देवलत्तीकर, आमदार.
खळ मी घरी शिजवतो, मैद्याची, चिमूटभर मोरचूद घालून.
झुरळांनी अजून त्याचा एक शब्द खाल्लेला नाही.

पान तीन. जांबोटीकडची सभा, गळ्यात हार तसाच:
"एका जरी शाळेला कुलूप लागलं, मी सदनात बसणार नाही."
पान नऊ: "वस्तीची बस बंद करायच्या आधी माझी गाडी बंद करा."
पान अकरा, फोटोसकट, आमच्या इथला:
"अनुदानाला कोण हात लावतो बघतो.
मी याच बाकावर वाचायला शिकलो."
हे खरं आहे.
बाकाच्या कडेला कर्कटकानं कोरलेलं ना. दे.
मीच पोरांना दाखवत आलो इतकी वर्षं.

मग पोरं कमी, म्हणून शाळा गेली.
डिझेल महाग, म्हणून बस.
अनुदानाला तर कारणही सांगितलं नाही.
सातावरून पेपर दोनावर आले, त्यातला एक शिळा,
बेळगावहून कुणी आणला तर.

अधिवेशन हलग्याला भरतं, हमरस्त्यावरच्या त्या पांढऱ्या सौधात,
डिसेंबरचे मोजके दिवस.
तिथं हा काय बोलला, कुणीकडं हात वर केला,
एवढंच मला बघायचं होतं.
माहितीच्या हक्कात अर्ज टाकला, मराठीत. परत आला.
शांतला टीचरनी तोच कानडीत लिहून दिला. पोचला.
दोनशे बारा पानं, पानाला दोन रुपये,
चहाच्या डब्यातली चिल्लर सगळी गेली.

सांजच्याला शाळा सुटली की टीचर यायच्या,
कानडी मनात वाचायच्या, मराठी तोंडानं सांगायच्या.
खर्चकपातीचा ठराव मांडण्यात आला.
बाजूनं असलेल्यांनी हौदु म्हणावं.
हौदु. हौदु.
विरुद्ध असलेल्यांनी इल्ल म्हणावं.
ठराव संमत.

मी विचारलं, नावं?
"ध्वनिमत आहे मामा. आवाजाचं नाव लिहीत नाहीत."

बसच्या वेळी तसंच. शाळांच्या वेळीही.
अनुदानाच्या दिवशी मात्र कुणीतरी हट्टानं मोजणी मागितली होती.
दोन रकाने. टीचरनी वरून खाली बोट फिरवलं,
मग पुन्हा, सावकाश.
तो यातही नव्हता, त्यातही नव्हता.
मी तारीख बघितली आणि वही उघडली.
पान तेरा: नंदगडात, फर्निचरच्या दुकानाची फीत कापताना,
कात्री चांदीच्या ताटात.

निवडणूक आली तसा तो आला. चपला बाहेर काढून आला.
थेट त्या बाकावर बसला, अंगठ्यानं ना. दे. चाचपलं.
मी वही पुढं सरकवली, वर झेरॉक्सचा गठ्ठा.
त्यानं सगळं वाचलं. चष्मा पुसून वाचलं.
"परसू, मी हौदु म्हणालोच नाही बघ.
देवाशप्पत. मी गप्प होतो."

खरं असेल ते.
त्या सभागृहात गप्प बसलेल्याचा आवाज
कुणीकडं धरतात, कोण जाणे.
नंतर मी टीचरना विचारलं, गप्पला कानडीत काय?
"सुम्मने."
आमच्या घरातही तेच की. आई म्हणायची,
सुम बस, मोठी माणसं बोलायलीत.

उठताना त्यानं पान अकरावरचा फोटो मागितला.
पत्रकावर घालायला, बाकासकट.
मला पुष्कळ बोलायचं होतं. तीन, नऊ, तेरा
जिभेवर पानं उलटत होती.
मी सुम.
ड्रॉवरमधनं कात्री काढली,
कडा सरळ ठेवून फोटो कापून दिला.

आता पान अकराला खिडकी आहे.
तीतून पान तेराची फीत दिसते.