उलटा ‘दे’

गुजरी उघडायच्या आधी गटार आमचं.
सोनारांनी झाडलेला आदला दिवस
मी पाटीत घेते, पाणी घालते, गोल फिरवते.
माती वाहून जाते, जड ते खाली बसतं.
आम्ही झारेकरी त्याला दैव म्हणत नाही,
कीस म्हणतो.

त्या मंगळवारी खाली बसला तो कीस नव्हता.
चवलीहून लहान, काळाठिक्कर.
चिंच लावून घासला
तर एका अंगाला उसाचं कांडं,
दुसऱ्या अंगाला चनबसाप्पा हेब्बाळे, शाहूपुरी,
आणि खाली, दाटीवाटीनं,
हमाली वीस रवे
देणे.
त्यातला ‘दे’ उलटा,
आरशात बघितल्यासारखा.

आटणीवाला म्हणाला, दोन मासे, त्यातही भेसळ,
चहाचे पैसे देतो.
म्हटलं, चहा पिऊनच आलेय.

बाबालाल जमादार, गूळबाजाराचा जुना तोलार.
डोळे गेले, बोटं शाबूत.
बिल्ला अंगठ्याखाली धरला न् हसला.
“नेमगोंडाचा हात!”

लढाई होती म्हणाला, बाजारातली मोड गडप.
तांबं काडतुसांत गेलं.
घाम निथळत उभ्या हमालाला
आणा द्यायला आणा नव्हता.
मग हेब्बाळ्यानं हुपरीहून चांदीचा चुरा आणवला,
चुऱ्यामागं नेमगोंडा आला,
अडतीच्या मागच्या खोलीत, पोत्यांच्या आडोशाला,
ऐरण मांडली.
ठशात अक्षर उलटं कोरायचं
तेव्हा ते चांदीवर सुलटं उठतं.
रात्रभर उलटं लिहिणारा माणूस
पहाटे एका अक्षरापुरता सरळ वागला.
दुसऱ्या ठशाला पोलाद कुठलं?
चालवला तसाच.

आणि चालला की!
गंगावेशीत त्यावर दूध मिळायचं,
न्हाव्याकडं दाढी, पिराला ऊद.
दोन महिन्यांत नकली निघाले.
नक्कल करणारा शिकलेला होता,
त्याचा ‘दे’ सुलटा.
हमाल अंधारात अंगठा फिरवून
शुद्ध लिहिलेला तेवढा परत फेकायचे.

मग रेसिडेन्सीत कुणीतरी एक बिल्ला
साहेबाच्या टेबलावर ठेवला.
रुपयावर बादशहाचं तोंड,
आणि ह्याच्यावर ऊस?
कुणाला विचारून?
दवंडी फिरली. रविवारपर्यंत बिल्ले जमा करा, रोख न्या.
हेब्बाळ्या शब्दाचा पक्का,
कर्ज काढलं पण मोड आणली.
वहीत नावं होती, नावाप्रमाणं सगळे आले,
सगळ्यांना मिळालं,
बिल्ले त्याच खोलीत मुशीत गेले.

“एक कमी भरला,” बाबालाल म्हणाला.
कुणाचा?
त्यानं बिल्ला माझ्या तळव्यावर परत ठेवला,
बोटं मिटवून दिली.
“वहीत बायकांची नावं घालत नव्हते.”

हेब्बाळ्यांच्या जागी आता पाइपांचं दुकान आहे.
पोरगा बरा आहे, हसून विचारलं,
मावशी, कितीला देताय?
विकायला नाही, वसुलीला आलेय म्हटलं
तर मोबाइलमधून मान वर केली,
म्हणाला, भाव कुठला धरायचा,
तेव्हाचा का आत्ताचा?

ते मला सांगता आलं नाही.
यार्डात एका अडतीत
अजून जुन्या मापाचा रवा निघतो.
पदराची चुंबळ केली,
दोघांनी हात लावला.
मान आत गेली,
तोंडात गुळाचा वास, डोळ्यांपुढं काळे ठिपके.
कोपऱ्यापर्यंत गेले,
आले, ठेवला.

एकोणीस राहिले.