दोन बोटं

टाकीचं तोंड वीतभरही नव्हतं,
नऊ बोल्ट, त्यांतले चार छिन्नीनं तोडावे लागले.
बाबांचा हात मनगटाच्या वर अडला,
इक्रामचा तर पंजाच जाईना.
मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं.
मी बांगड्या काढून बाकावर ठेवल्या.

डिसेंबर. हजीऱ्याच्या गल्लीत अकरा वाजले तरी
धुकं शटरच्या आत येऊन बसलेलं.
तिघरा धरणावरची लाँच नंबर दोन
तिकडे काठावर ठोकळ्यांवर उभी,
आणि तिची टाकी इथे,
गजकवाल्याच्या टेम्पोतून, तिळाच्या पोत्यांना टेकून आलेली.
पाणीखात्यानं लाँच लिलावात काढली
आणि सव्वीस वर्षं ती चालवणाऱ्या मुरारराव इंगळ्यांनी
फंडाच्या पैशांतून ती घेतली.
आईला नंतर सांगितलं.

आत आधी काहीच नाही, नुसतं गार.
मग साय. पण काळी.
चिमटीत धरली तर निसटते,
सोडली तर बोटांना धरून राहते.
"कीडा है," इक्राम म्हणाला.
बाबा म्हणाले, डिझेल आणि पाणी
जिथे एकमेकांना टेकतात
तिथे हे राहतं. दोघांतल्या कुणाचंच नसतं.

मध्ये पत्र्याचे दोन पडदे,
लाटेवर डिझेल हिंदकळू नये म्हणून,
तळाशी प्रत्येकाला चवलीएवढं भोक.
दोन्ही बुजलेली.
मी तारेनं टोकरत राहिले
आणि मागच्या खणातून
कुठल्या सालचं कोण जाणे, डिझेल आलं,
चहाच्या रंगाचं,
हळू, पत्ता विचारत आल्यासारखं.

दुपारी आत अडीच किलो साखळी, वर रॉकेल,
तोंडावर रबर,
दोन्ही टोकांना सायकलचे टायर चढवून
टाकी गल्लीभर लोळवली.
मागे पोरं, पोरांमागे एक कुत्रं.
बाबा फेरे मोजत होते,
इक्रामची बिडी कानामागेच.
शंभराव्या फेऱ्याला उलटी केली:
साखळी, गंज, गाळ,
आणि मग खडखडत
बांबूचा तुकडा, खाचा पाडलेला.

बाबांनी तो सदऱ्यालाच पुसला.
"माझी मोजकाठी."
तळ्यात पडली असं लिहून दिलं होतं त्यांनी,
खात्यानं साडेचार रुपये कापले होते.

तिच्यावर सगळ्यांत खाली दोन खाचा, आणि त्यांवर फुली.
ही फुली मी ओळखते.
एकदा भर जलाशयात इंजिननं तळ ओढला आणि ते बसलं,
साहेबांसकट सगळे फळीनं वल्हवत
दिवेलागणीला काठाला लागले.
तेव्हापासून तळाची दोन बोटं धरायची नाहीत.
काठी नऊ दाखवते? सात म्हण.
पगारातही, तांदळाच्या डब्यातही,
माझ्या लग्नाच्या बोलणीतही:
"वेणू, मुलगा सांगतो त्यात दोन बोटं कमी धर."
तिथे बाबा चुकले.
चार धरायला हवी होती.

तळाला सुईएवढं भोक निघालं.
झाळायच्या आधी इक्रामनं टाकी उलटी करून
भोकाच्या जेमतेम खाली येईल इतकं पाणी भरलं.
रिकामी टाकी भरलेलीपेक्षा वाईट, म्हणाला,
तिच्यात वास असतो.
मग गंजावरचं औषध, मग पुन्हा पाणी,
मग माझ्या केस सुकवायच्या यंत्रानं
मी ती तासभर सुकवली.
आईनं ते यंत्र पुन्हा घरात घेऊ दिलं नाही.

जानेवारीत तिघऱ्यावर ऊन पडलं.
बाबांनी नवी काठी तासलेली,
खाचा ताज्या, पांढऱ्या.
डिझेल भरण्याआधी मी आत टॉर्च मारला:
तळ दिसत होता,
त्यावर माझ्या तारेचे ओरखडे,
पडदे मोकळे, कोपरे मोकळे,
सोडून द्यावं असं आत काहीच उरलं नव्हतं.

काठी बुडवली, काढली, उन्हात धरली.
अकरा. ओली रेघ स्वच्छ.
बाबांनी चष्मा वर केला, पाहिलं,
पुन्हा पाहिलं.
"नऊ लिही," म्हणाले.

वहीच्या कोऱ्या पानावर
मी तारीख घातली
आणि नऊ लिहिलं.