अपेक्षित आयुर्मान

अर्जात सातवा रकाना होता:
पाण्यात सोडलेल्या साहित्याचे अपेक्षित आयुर्मान, वर्षांत.
मी मोठ्यानं वाचलं. तात्या जाळ्याची गाठ मारत होते.
"कुणाचं?" म्हणाले.

आमचा तलाव जोतिबाच्या डोंगरामागं, पाझरचा,
नकाशात निळा, मे महिन्यात तांबूस.
त्याच्या तळाशी बावीस वर्षं
गावानं टाकून दिलेलं तात्यांनी वसवलंय.

आधी बाभळीच्या शिऱ्या, दगड बांधून सोडलेल्या.
पहिल्या साली काटे ताजे, मासा लांबनं बघतो.
दुसऱ्या साली शेवाळ धरतं, शेवाळाला लागून पोरंबाळं येतात.
तिसऱ्या साली हात लावावा
तर भिजल्या साबुदाण्यासारखं लाकूड.
एकदा टायर घातले, उसाच्या ट्रॉलीचे.
ते पावसाळ्यात उठून काठाला आले म्हशींसारखे,
शिंगटी त्यांच्याकडं फिरकलीसुद्धा नाही,
तात्यांनी वहीतलं ते पानच फाडलं.

मी उद्यमनगरात, लेथवर.
आमच्याकडं फुटकं बीड पुन्हा भट्टीत जातं;
बीड मरत नाही म्हणून कोणी फुकट देत नाही.
युनूसभाईंनी मात्र उपशाचे तडकलेले सिमेंट पाइप दिले,
"ने सखबा, ह्यांना मी तरी काय म्हणून तोलू?"
त्या पाइपांना अजून काही झालेलं नाही.
मला ते आवडत नाहीत.

मग काहील.
गुऱ्हाळ मोडलं तेव्हा आणलेली, कडेला गूळ चिकटलेला.
तिच्यात बसून तात्यांनी अकरा वर्षं जाळं टाकलं,
महापुरात तिच्यातनं माणसं काढली, एक शेळी,
आणि एक म्हातारी, जी उतरता उतरता म्हणाली,
गोड वास येतोय रं.
पुढं बूड गळायला लागलं.
वेल्डर म्हणाला, पत्रा टाका धरत नाही.
तात्यांनी तिला एकट्यानं मधोमध नेलं
आणि तिच्यातनं उडी मारली.
ते काठाकडं आले, ती खाली गेली.

यंदा पाणी इतकं उतरलं
की आम्ही तिच्यापाशी चालत गेलो.
तात्यांनी कडेला बोट लावलं, ते आरपार गेलं,
भाकरीच्या पापुद्र्यातनं जावं तसं.
"आठ वर्षं," मी म्हणाले.
त्यांनी हातानंच गप्प केलं.
बुडाची भोकं गाळानं बुजलेली, वीतभर पाणी साठलेलं,
त्यात एक मरळ, आणि तिच्या भोवती
मसूर डाळ सांडावी तशी तांबडी पिल्लं.
हवा घ्यायला ती वर यायची, आम्हाला बघायची,
परत खाली जायची.
तात्यांची पिशवी खांद्यालाच होती. ती तशीच राहिली.

परतताना ते एका मोकळ्या जागी थांबले.
तिथं काही नव्हतं, नुसता भेगाळलेला गाळ.
"हितं पयल्या शिऱ्या हुत्या.
कुजून गेल्या, तळ साफ झाला,
तरी फुडं दोन वर्सं मासा हितंच येऊन हुबा ऱ्हायचा.
कशाच्या आडोशाला, त्याचं त्यालाच ठावं.
ती दोन वर्सं कुठल्या रकान्यात लिवणार हाईस?"

रकाना दोन आकड्यांपुरताच होता.
मी आठ लिहिलं. खोडून दहा केलं.
साहेबांनी वर न बघता शिक्का मारला.

पाऊस लागायच्या आत युनूसभाईंचा टेंपो आला.
तात्या एकेक पाइप बोटाच्या पेरानं वाजवून घेत होते,
आई मडकं घेताना वाजवायची तसा.
एक त्यांनी बाजूला काढला, बांधावर, सावलीत.
फुटलाय का, मी विचारलं.
"न्हाई," म्हणाले, "ह्यो लई टिकंल."