रेघ

इस्त्रीतले कोळसे विझवून
साडेसातला मी दांडिया बाजारात जाते, वर्गाला.
सुनेला वाटतं, भजनाला.

पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या,
आपल्या अक्षरांच्या डोक्यावर रेघ असते,
इथल्या दुकानांच्या पाट्यांवर नसते ती.
मला लगेच कळलं.
मराठी म्हणजे दोरीवर वाळत घातलेले कपडे,
गुजराती म्हणजे तेच कपडे, दोरीवरून काढलेले.
बाई हसल्या,
मग बराच वेळ फळा पुसत राहिल्या.

'श'नं तीन आठवडे खाल्ले.
शारजा लिहायचं तर सुरुवातच तिथून.
आईला काय ठाऊक,
नाहीतर तिनं मला रमा म्हटलं असतं.

परवा रावपुऱ्यात, बँकेत,
मला बघताच क्लार्कनं शाईचं पॅड सरकवलं.
मी पेन मागितलं.
मागे रांग. कुणीतरी चुकचुकलं.
शा, र, जा.
रेघ जरा ढळली, ती परत ओढली,
कॉलर बसवतात तशी, दाबून.

त्यानं वहीत पाहिलं.
"मासी, खाता पर अंगठो छे. सही नहि चाले."

दिला अंगठा.
पैसे माझेच होते, आणि दळण राहिलं होतं.
पण निळ्या ठशाखाली एक चौकट होती,
तिच्यात बारीक हिंदीत छापलेलं:
इस जगह कुछ न लिखें.

वाचलं मी ते.
बोट न ठेवता वाचलं.
मग पेन परत करायच्या आधी
तिथंच लिहिलं,
शारजा.