पाय उचललास

पहिल्या रविवारी कार्डात नुसता वारा भरून आला.
काचा दीड बोट खाली, कॅमेरा डॅशबोर्डावर,
करमाडच्या पुढे माळावर ओतलेला तो डांबरी फेरा,
आणि मार्चचं ऊन.
घरी येऊन ऐकलं तर
कुणीतरी तासभर ताडपत्री झटकतंय,
आणि लांब कुठेतरी, गावाबाहेरच्या गिरणीसारखं,
अंगद सोळुंकेचं इंजिन.

"ही माझी एस्टीम न्हाई," तो म्हणाला,
"हा मिक्सर हाय."

मी लग्नात आवाज धरणारी.
मंगलाष्टकं, मानपान, मांडवातलं जनरेटर.
गाडीच्या पोटात कधी बसले नव्हते.

दुसऱ्या रविवारी काचा बंद.
कॅमेऱ्याच्या कानावर विसंबायचं नाही हे ठरलं:
इंजिन ओरडलं की तो भिऊन आवाज दाबतो,
गिअर बदलताना क्षणभर उसंत मिळाली
की लगेच फुगवतो,
अख्खा लॅप दमेकऱ्याच्या छातीसारखा.
म्हणून वेगळा रेकॉर्डर,
नवरदेवाच्या शेरवानीत लपवते तेच दोन माइक:
एक डिकीत, सायलेन्सरच्या बाजूला,
भाचीच्या लोकरी टोपऱ्यात गुंडाळून;
एक सीटच्या पाठीशी, फोमच्या तुकड्यात, चिकटपट्टीने.
कप्प्यातली चिल्लर काढली, पाना काढला,
खुळखुळणारी किल्ली माझ्या पर्समध्ये.
लेव्हल इतकी खाली
की गाडी नुसती सुरू असताना काटा जागचा हलेना.
"काही येतंय का तरी?"
येईल.
एकदा लाल दिव्याला शिवला की आवाज फाटतो,
मग त्याला टाका घालता येत नाही.

निघण्याआधी कॅमेऱ्यासमोर एक टाळी, कडक.
चित्राची आणि आवाजाची गाठ तिथेच मारायची.

या वेळी सगळं आलं.
दुसऱ्या गिअरची किंकाळी, तिसऱ्याचा घसा,
खडी उडून तळाला टणटणली ती,
वळणावर टायरांनी धरलेला तो बारीक, रडका सूर,
ब्रेकआधी अंगदने नाकातून सोडलेला श्वास.

मंठा चौफुलीजवळ हमीदमामूंचं गॅरेज.
ही मोटर त्यांनीच बांधलेली.
त्यांनी हात पुसले, हेडफोन एकाच कानाला लावला,
आणि स्क्रीनकडे पाठ केली.
दोन लॅप ऐकले. चहा आला, निवला.
"दुसऱ्या फेऱ्यात, तिसऱ्या वळणाला
पाय उचललास, बेटा."

"न्हाई. पूर्ण दाबून होतो."

मी मागे नेऊन लावलं.
चित्रात हात घट्ट, हेल्मेट स्थिर,
कुणीही शपथ घेतली असती.
पण आवाजात, चढत्या रेघेवर,
पापणी लवायला लागतो त्याहून कमी वेळ
एक खळगा.
पुन्हा लावलं. पुन्हा खळगा.
अंगद दाराजवळच्या जुन्या टायरवर जाऊन बसला.

रात्री साडेअकराला फोन.
"ताई, पहिल्या फेऱ्यातला तेवढा तुकडा
तिथं बसवता येईल का?"
येतो. चार सेकंदांचं काम.
लेकीला निरोप देताना एका बापाचा हुंदका
मी सनईखाली पुरलाय,
त्याच्याच सांगण्यावरून. कुणाला कळलं नाही.
त्याला मात्र कळत असणार, दर वेळी सीडी लावताना.

कर्सर त्या खळग्यावर नेऊन ठेवला.
खळग्यानंतर लगेच, आधी न ऐकलेलं काहीतरी होतं:
"हट्," असं,
गुरं हाकताना म्हणतात तसं, स्वतःलाच.
आणि मग पाय परत खाली.

"नाही बसवणार," मी म्हणाले,
"रविवारी पेट्रोल भरून ये."

तो आला.
तेच टोपरं, तीच चिकटपट्टी, तीच लेव्हल.
टाळी मात्र या वेळी जरा हळू वाजली.

चार फेरे झाले.
आता मामू नमाजाला गेलेत,
अंगद बॉनेट उघडून उगाच काहीतरी बघायलाय,
आणि कार्ड माझ्या मुठीत,
अजून गरम,
अजून न ऐकलेलं.