अनुक्रमांक अकरा

मॅडमच्या निवृत्तीला चार महिने उरलेत.
वरून नमुना आलाय : प्रकाशने, उल्लेख, एच-इंडेक्स,
आणि सगळ्यात खाली एक चौकट, ‘प्रभाव’.
तीन ओळींत लिहा म्हणे.

ग्रंथपाल मी, म्हणून यादी माझ्याकडे.
दुपारी लाईट जाते तेव्हा हाताने लिहितो,
आली की टाईप करतो.

संगणकाला मॅडम दोन बायका वाटतात.
ठेंगणे के. व्ही., पेपर एकेचाळीस.
बावणे के., सहा. त्र्याण्णवनंतर ही बाई कुठं गेली
त्याला ठाऊक नाही.
दोघींना एका नावाखाली बसवायला गेलो
तर विचारतो, पुरावा?
शेवटी लग्नपत्रिका स्कॅन करून पाठवली,
चि. सौ. कां. कुमुदिनी,
कोपऱ्याला कुणाचं तरी हळदीचं बोट.

सगळ्यात जास्त उल्लेख अनुक्रमांक तेवीसचे. तीनशे अठ्ठ्याऐंशी.
“पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हा लिहिलाय तो,” मॅडम म्हणतात,
“पलंगावर पडून, लोकांचे पेपर वाचून.
थेंबभर पाणी तपासलं नाही त्यात, गेडाम.”
चीनमधून उल्लेख आहेत त्याचे, इथिओपियातून आहेत,
एकीकडे नाव चुकलंय : थेंगे.
तेही धरलं मी.

अनुक्रमांक अकरा. बावणे के., १९९१.
खैरगाव, तालुका केळापूर. बोरिंगचं पाणी आणि मुलांचे दात.
पाने चार. उल्लेख शून्य.
मासिक दुसऱ्याच वर्षी बंद पडलं.
प्रत आपल्या कपाटात आहे, समास वाळवीने खाल्लेला.

तक्ता दोन. मुले एकशे सहा.
नावं नाहीत. वय, आणि दाताचा दर्जा.
ओळ सदतीस : मुलगा, आठ, दर्जा चार.

आठ वर्षांचे आम्ही तिघं होतो शाळेत.
बाकी दोघं दर्जा दोन.
ओट्यावर रांगेत उभं करून
त्या म्हणाल्या होत्या, ‘ई’ म्हण.
बाराखडीतलं ते अक्षर
तेवढ्या मोठ्यानं मी पुन्हा कधी म्हटलं नाही.
फोटोत ओठ मिटूनच असतो.

पेपर छापून यायच्या आधीच
त्या लाल ऑइल पेंटचा डबा घेऊन आल्या
आणि बोरिंगचा गळा स्वतः रंगवून गेल्या.
माय म्हणे, “बाई रंग लावून गेली,
पाणी आणाले मी जातो.”
नाल्याकाठची विहीर, दीड किलोमीटर,
डोक्यावर दोन गुंड, खाली एक चुंबळ,
साडेचार वर्षं, टाकी होईस्तोवर.
येताना चढावर मॅडमला शिव्या घालायची, नाव घेऊन.
बावणे बाई अशी न् बावणे बाई तशी.
दिवसातून दोन खेपा धरल्या
तर उल्लेख तीन हजारांच्या वर जातात.
नमुन्यात शिव्यांना रकाना नाही.

धाकटी पुष्पलता त्या विहिरीच्या पाण्यावर वाढली.
तिच्या लग्नाच्या अल्बमात
एकाही पानावर तिचं तोंड बंद नाही.

यादी घेऊन गेलो. मॅडमचं बोट अकरावर थांबलं.
“हा काढून टाका. शून्य बरं दिसत नाही.”
सोळा वर्षं मी या केबिनमध्ये
ओठ न उघडता बोलत आलोय.
मी म्हटलं, ‘ई’.

त्यांनी चष्मा कपाळावर सारला.
खुर्चीतून उठल्या, खिडकीकडं वळवलं मला, उजेडात,
हनुवटीला दोन बोटं लावून.
बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग स्वतःशीच, जरा त्रासून,
“चार दिला होता का मी?
तीन द्यायला हवा होता.
आता दुरुस्ती पाठवावी तर
मासिक कुठं उरलंय.”