मिठाचा काटा

पाम बीच रोडवर, सतराव्या मजल्यावर
शेठची देवदारानं मढवलेली खोली.
"धुक्याचं मशीन लाव, दिसतं भारी."
नको म्हटलं. धुकं फळीवर बसतं,
सिगारवर बुरशी धरते.
ओल्या पॅडमधून वारा हळू जाऊ दे,
पाणी डिस्टिल्ड,
एसीचं तोंड दुसरीकडे.

मग मीटर तपासला:
बाटलीच्या बुचात मीठ, दोन थेंब पाणी,
दोन्ही एका पिशवीत बंद, रात्रभर.
काटा पंचाहत्तरला थांबला तर खरा.
त्र्याहत्तरला थांबला. दोन मिळवून वाचायचं,
शेठला दारावर लिहून दिलं.
"हे कुठं शिकलास रे?"

काचेबाहेर खाडी.
माझा बाप, हसुराम, करावेच्या मिठागरात
ढिगावर पालथा हात ठेवायचा:
"आज हवा जड हाय. झाका."

तुर्भ्याला, म्हटलं. आयटीआयत.